'चेक' हा एकच शब्द की चार वेगळे? अर्थ, मूळ आणि समानार्थी शब्द

अक्षरवेडी:
मेल चेक कर, चेक वटला का बघ, चेक्सचा शर्ट, हॉटेलात चेक-इन, बुद्धिबळात चेक, आणि बातम्यांमध्ये अमुक देशाला 'चेक देण्यासाठी' तमुक देशाची खेळी. एवढे अर्थ पाहिले की वाटतं हे तीन-चार निरनिराळे शब्द असणार आणि उच्चार योगायोगाने सारखा झाला असणार. पण तसं नाहीये. हे सगळे एकाच घरातले आहेत आणि त्यांचा मूळपुरुष आहे फारसीतला 'शाह', म्हणजे राजा.

बुद्धिबळात समोरच्याच्या राजावर हल्ला झाला की खेळणारा मोठ्याने म्हणायचा "शाह!", म्हणजे बाबा रे, तुझा राजा सांभाळ. ही हाक खेळाबरोबर फिरली. फारसीतून अरबीत, तिथून युरोपात मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'स्काकुस', जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक', आणि साधारण १३०० च्या सुमारास इंग्रजीत 'चेक'. एवढा वळसा घेतल्यावर 'शाह'चं 'चेक' झालं. आपल्याकडे तोच शब्द फारसीतून सरळ आला म्हणून फारसा बदललाच नाही, आपण अजूनही 'शह' म्हणतो. म्हणजे शह आणि चेक हे सख्खे भाऊ, एक जवळच्या वाटेने आलेला आणि एक अर्धं जग फिरून.

पुढचे अर्थ कसे फुटले तेही बघण्यासारखं आहे. शह बसला की बाकी सगळे मनसुबे बाजूला ठेवून आधी राजा वाचवावा लागतो, चालता डाव अडतो. म्हणून चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चेकला 'रोखणे, अडवणे' हा अर्थ आला. तपासण्याचा अर्थ बराच नंतरचा, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. म्हणजे आज आपण ज्या अर्थाने दिवसभर हा शब्द वापरतो तो या घरातला धाकटा.

आणि 'शाह'च्याही मागे गेलात तर अजून मजा आहे. इराणमधल्या बेहिस्तूनच्या शिलालेखात प्राचीन पर्शियाचा सम्राट पहिला दरायस स्वतःला राजा म्हणवतो त्यासाठी जुन्या पर्शियनमध्ये शब्द आहे 'ख्शायथिय'. त्यातला धातू आणि आपल्या संस्कृत 'क्षत्र'मधला धातू एकच, राज्य करणे या अर्थाचा. म्हणजे क्षत्रिय, बादशहा, शहर (हे जुन्या पर्शियनमधल्या 'ख्शथ्र'वरून, म्हणजे राज्य), क्षत्रप आणि त्याचं ग्रीकांमार्फत इंग्रजीत गेलेलं 'सॅट्रप', हे सगळं एकाच गोतावळ्यातलं. बँकेचा चेक आणि क्षत्रिय एका धातूतून निघालेत हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कोश मिटून नुसती बसून राहिले होते.

कुणाकडे यात भर असेल तर जरूर लिहा, विशेषतः समानार्थी शब्दांबद्दल.

घोडा_अडीच_घरं:
सुंदर धागा. बुद्धिबळाच्या बाजूने थोडी भर घालतो.

'चेस' हे खेळाचं इंग्रजी नावसुद्धा यातूनच आलंय. जुन्या फ्रेंचमधल्या 'एशेक'चं अनेकवचन 'एशे', त्याचं इंग्रजीत चेस. म्हणजे खेळाचं नाव शब्दशः 'राजे' किंवा 'शह' असं पडलं. स्पॅनिशवाल्यांनी मात्र खेळाचं जुनं नाव धरून ठेवलं, त्यांचं 'आखेद्रेस' हे चतुरंग, मग फारसी चत्रंग, मग अरबी शतरंज अशा वाटेने गेलेलं आहे. फ्रेंचमध्ये आजही 'एशेक' म्हणजे शह पण आणि अपयश पण. जर्मन 'शाख' आणि रशियन 'शाखमाती' ऐकलं तर आपल्या माणसाला भाषांतर करून सांगावंच लागत नाही.

आता चेकमेट. फारसीत 'शाह मात'. यातल्या 'मात'वर दोन मतं आहेत. एक म्हणजे अरबी 'माता', मेला, म्हणजे राजा मेला. दुसरं म्हणजे फारसीतलं 'मात', हतबल झालेला, सुचेनासा झालेला. मला स्वतःला दुसरं पटतं कारण बुद्धिबळात राजा कधी मारतच नाहीत, त्याला जायला जागा उरत नाही आणि खेळ तिथेच संपतो. मेलेल्या राजापेक्षा कोंडलेला राजा हेच पटावर प्रत्यक्ष दिसतं. आणि हाच 'मात' आपल्याकडे 'संकटावर मात केली'मध्ये बसलाय, तिथे पट नाही, सोंगट्या नाहीत, तरी शब्द तोच.

स्टेलमेटमधलं 'स्टेल' मात्र वेगळ्या घरचं, जुन्या फ्रेंचमधलं 'एस्ताल', म्हणजे एका जागी उभं राहणं. शह नाही आणि हलायलाही जागा नाही, डाव बरोबरीत.

अजून एक, 'चेक' असं तोंडाने म्हणावं लागतं असा समज आहे पण फिडेच्या, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेच्या नियमांत तशी सक्ती नाही. मोठ्या स्पर्धांत कुणी म्हणतही नाही, तिथे ती हाक बंद पडली आणि बाकी जगात तिचीच लेकरं नांदतायत.

शंकासुर:
वाचतोय, पण दोन गोष्टी पचत नाहीयेत. राजावरून रोखणे इथपर्यंत ठीक, पण रोखणे आणि तपासणे यांचा काय संबंध? माणूस तपासताना काही अडवत नाही. आणि बँकेचा चेक यात कुठून आला, त्याचं तर इंग्रजी स्पेलिंगच वेगळं आहे. आणि चेकमेटमधला मेट आणि ऑस्ट्रेलियन लोक मित्राला म्हणतात तो मेट एकच का? आणि चेक प्रजासत्ताक?

अक्षरवेडी:
@शंकासुर, शेवटच्या दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे. चेक देशाचं नाव तिथल्या स्लाव्ह लोकांच्या स्वतःच्या नावावरून आलंय, इंग्रजीत ते पोलिश वळणाने लिहितात इतकंच. मित्रवाला मेट जर्मन कुळातला, एकत्र जेवणारा या अर्थाचा, मांस या अर्थाच्या इंग्रजी 'मीट'शी त्याचं नातं आहे. पहिल्या दोन शंका मोठ्या आहेत आणि खरं तर त्या एकमेकींत अडकलेल्या आहेत. हिशेबाच्या बाजूचं कुणी लिहील का?

जमाखर्च:
लिहितो, हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे.

तपासण्याचा अर्थ नीट कळायचा असेल तर बाराव्या शतकातल्या इंग्लंडच्या खजिन्यात जावं लागतं. पहिल्या हेन्रीच्या काळात, म्हणजे ११०० ते ११३५, तिथे राजाचा हिशेब घ्यायची पद्धत बसली. वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि मायकलमसला (सप्टेंबरअखेरचा सण), काउंटीचे शेरीफ वसुलीचा हिशेब द्यायला यायचे. रिचर्ड फिट्झनील नावाच्या खजिनदाराने ११७० च्या दशकाच्या अखेरीस या खात्यावर लॅटिनमध्ये एक संवादरूप ग्रंथ लिहून ठेवलाय, त्यात त्या टेबलाचं वर्णन आहे. साधारण १० फूट लांब, ५ फूट रुंद, कडेला चार बोटं उंच काठ, म्हणजे वरचं काही घरंगळून खाली पडू नये. त्यावर काळं कापड आणि कापडावर रेघा मारून पाडलेली घरं. एक उभा रकाना पेन्सचा, पुढचा शिलिंगचा, पुढचा पौंडांचा, मग विसांचा, शंभरांचा, हजारांचा. त्या घरांत बिल्ले मांडून बेरीज-वजाबाकी करायची. कारण तेव्हा तिथे आकडे रोमन होते आणि रोमन आकड्यांत कागदावर वजाबाकी करून बघा एकदा, मग कापड का लागत होतं ते कळेल.

हे टेबल बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायचं म्हणून त्याचं नाव 'एशेकिए', म्हणजे पट. त्याचं इंग्रजीत एक्सचेकर. सुरुवातीचं 'एक्स' हे उगाच लॅटिन समजून नंतर चिकटवलंय. आजही ब्रिटनचा अर्थमंत्री 'चान्सलर ऑफ द एक्सचेकर' म्हणवतो, म्हणजे मूळ अर्थाने पटाचा मंत्री. फिट्झनील नुसतं दिसण्यावर थांबत नाही, तो म्हणतो पटावर जशी दोन राजांत लढाई होते तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांच्यात होते. म्हणजे हिशेब तपासणं हीच एक लढाई आणि शेरीफला शह द्यायचा, हे त्या माणसाला तेव्हाच दिसलं होतं. (चौकडीच्या कापडाला चेक्स म्हणतात तेही याच पटावरून, आणि आपण ज्याला ड्राफ्ट्स म्हणतो त्या खेळाला अमेरिकेत चेकर्स म्हणतात तेही.)

आता पावती. शेरीफने पैसे भरले की त्याला काठी मिळायची, टॅली स्टिक. तिच्यावर रकमेप्रमाणे खाचा असायच्या आणि खाचांची मापंही ठरलेली होती. १००० पौंडांना तळहाताच्या जाडीची, १०० ना अंगठ्याएवढी, २० ना करंगळीएवढी, १ पौंडाला जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी. खाचा पाडून झाल्या की काठी मधून उभी चिरायची, एक भाग याच्याकडे एक त्याच्याकडे. पुढे हिशेबाच्या वेळी दोन्ही भाग एकमेकांना लावून बघायचे. कुणी आपल्या भागावर जास्तीची खाच पाडली असेल तर ती दुसऱ्यावर नसणार आणि लाकडाचे रेषे तर कुणालाच खोटे जुळवता येणार नाहीत. मला यापेक्षा सुंदर ऑडिट माहीत नाही.

या काठ्या १८२६ पर्यंत वापरात होत्या. मग साठलेल्या काठ्यांचं करायचं काय म्हणून १६ ऑक्टोबर १८३४ ला हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या खालच्या भट्ट्यांत त्या जाळायला घेतल्या, धुराडी अतोनात तापली आणि वेस्टमिन्स्टरचा जुना संसदवाडा बहुतेक सगळा जळून गेला.

आता बँकेचा चेक. अठराव्या शतकात हा शब्द कागदाच्या त्या अर्ध्या भागाला वापरायचे जो बँकेकडे राहायचा, ज्याच्याशी ताडून बघितलं की फेरफार पकडता यायचा. काठीचंच तत्त्व, फक्त कागदावर. जो तुकडा फसवणूक रोखतो तो चेक. पुढे नाव अख्ख्या कागदालाच पडलं. ब्रिटिश स्पेलिंग वेगळं झालं ते एक्सचेकरच्या छापाने, अमेरिकन लोक साधं चेकच लिहितात. तर @शंकासुर, रोखणे आणि तपासणे यांची गाठ इथे पडते. ताडून बघायचं कशासाठी, तर लबाडी रोखायला.

शंकासुर:
हे पटलं. काठ्यांचं तर फारच आवडलं.

कोशकिडा:
जमाखर्च यांनी वाट मोकळी केली आहे तर समानार्थी शब्दांचं लिहितो, कारण यातले निम्मे शब्दही हिशेब आणि वजनमापातूनच आलेत.

'कंट्रोल' घ्या. मध्ययुगीन लॅटिन 'कॉन्ट्रारोतुलुस', म्हणजे समोरासमोरची दुसरी गुंडाळी. हिशेबाची एक वही याच्याकडे, तिची जोडवही दुसऱ्याकडे, दोन्ही ताडून बघायच्या. म्हणजे कंट्रोल आधी ताळा घेणं होतं आणि नंतर ताबा ठेवणं झालं. चेक मात्र रोखण्याकडून तपासण्याकडे आला. दोन शब्द त्याच रस्त्यावरून उलट दिशेने गेले, मला वाटतं या अख्ख्या चर्चेत शंकासुर यांच्या शंकेला याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

'एक्झामिन' तराजूच्या काट्यावरून, लॅटिनमध्ये 'एक्झामेन' म्हणजे तो काटा. 'ऑडिट' म्हणजे ऐकणं, हिशेब मोठ्याने वाचला जायचा आणि अधिकारी ऐकायचे. 'टेस्ट' हे मातीच्या भांड्यावरून, ज्यात सोन्या-चांदीचा कस लावत. 'व्हेरिफाय' खरं या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, 'इन्स्पेक्ट' म्हणजे आत बघणं.

वापरताना हे एकमेकांच्या जागी सरसकट बसत नाहीत. चेक हे सगळ्यात हलकं, पटकन केलेलं, आणि त्यात समोर काहीतरी ठरलेलं असतं ज्याच्याशी जुळतंय का एवढंच बघायचं. एक्झामिन सावकाश आणि खोलात. व्हेरिफायला पुरावा लागतो. इन्स्पेक्टला अधिकार लागतो, शेजाऱ्याचं घर कुणी इन्स्पेक्ट करत नाही. ऑडिट बाहेरच्या माणसाने करायचं, स्वतःचं स्वतः केलं तर त्याला काही अर्थ नाही.

रोखण्याच्या बाजूला इंग्रजीत कर्ब, रेन, ब्रायडल, हे सगळं घोड्याचं सामान. मराठीतही तेच, लगाम आणि पायबंद घोड्याचे, वेसण बैलाची, अंकुश हत्तीचा. आवरणं म्हटलं की जनावरच डोळ्यांपुढे येतं. चेक तेवढा पटावरून आला.

पाना_पक्कड:
आमच्याकडे चेक व्हॉल्व्ह असतो, पाणी पुढे जाऊ देतो आणि मागे फिरलं की झडप आपोआप मिटते. यात तपासण्याचा काही संबंध नाही, निव्वळ रोखणे. नवीन पोरं हमखास 'चेक करायचा व्हॉल्व्ह' समजतात आणि त्यावर मीटर शोधत बसतात. लाकूड वाळताना कांडाच्या टोकाला ज्या चिरा पडतात त्यांनाही सुतारकामाच्या इंग्रजीत चेक म्हणतात. आइस हॉकीत अंगाने अडवणं म्हणजे बॉडी चेक.

घोडा_अडीच_घरं:
आणि पोकरमध्ये चेक म्हणजे पैसे न लावता पाळी पुढे सोडणं. 'रेन चेक' अमेरिकन बेसबॉलमधून, १८८० च्या दशकातलं, पावसाने सामना बुडाला तर तिकिटाचा तुकडा दाखवून पुन्हा यायचं. परत तुकडाच आला बघा.

बिटबाइट:
तुकडा जुळवण्याची ती काठी आमच्या क्षेत्रात अजून जिवंत आहे, चेक डिजिट या नावाने. पुस्तकाच्या मागे १३ आकडी आयएसबीएन असतो त्यातला शेवटचा आकडा पुस्तकाबद्दल काहीच सांगत नाही, तो फक्त आधीच्या १२ आकड्यांवर पहारा ठेवतो. समजा पहिले १२ आकडे ९७८०३०६४०६१५. यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं, ९ तसाच, ७ चे २१, ८ तसाच, असं करत बेरीज येते ९३. पुढचा शंभर गाठायला ७ लागतात म्हणून शेवटचा आकडा ७. टाइप करताना एक आकडा चुकला की बेरीज दहाच्या पटीत येत नाही आणि मशीन लगेच नाकारतं. शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले तरी बहुतेक वेळा पकडलं जातं, फक्त त्यांच्यात ५ चा फरक असेल तर निसटतं. जुन्या १० आकडी पद्धतीत हिशेब ११ वर होता आणि तिथे कधीकधी १० उरायचे, एका जागेत १० कसे लिहिणार, म्हणून शेवटी रोमन एक्स. जुन्या पुस्तकांवर दिसतो तो एक्स हाच.

रोखणे आणि तपासणे या दोन्ही गोष्टी तो एक आकडा एकदम करतो.

मुक्ता_०७:
सगळं वाचून आनंद झाला, पण मला एक सलतंय ते लिहिते. चेक इंग्रजीत हजार कामं करतो, करू दे, पण मराठीत 'चेक कर' आल्यापासून आपली किती क्रियापदं गप्प झाली याचा हिशेब कुणी ठेवतंय का? दार लागलंय का 'बघ'. खिसा 'चाचप'. बातमी खरी का याची 'खातरजमा कर'. पेपर 'तपास'. सही 'पडताळून' बघ. भाजीत मीठ 'चाखून' बघ. ताप आहे का 'हात लावून' बघ. उत्तराचा 'ताळा' कर. या प्रत्येकात शरीराचा वेगळा अवयव काम करतोय, डोळा, बोटं, जीभ, तळहात. आणि आता सगळीकडे चेक कर. मीठ चेक कर!! लहान मुलांच्या कानावर बाकीचे शब्द पडतच नाहीत मग ते येणार कुठून. त्यातला ताळा तर इतका नेमका शब्द आहे, कोशकिडा म्हणतात ना की चेकमध्ये समोर काहीतरी ठरलेलं असतं आणि जुळतंय का बघायचं, तो ताळाच आहे, ताळमेळ आणि ताळेबंदातला.

जमाखर्च:
ताळ्याला माझा १०० टक्के पाठिंबा. ताळा जुळला म्हणताना जे समाधान आहे ते चेक केलं म्हणण्यात नाही.

बिटबाइट:
मुक्ता, मिठाचं मान्य. पण स्क्रीनवरच्या चेकबॉक्सला काय म्हणायचं? ती बरोबरची खूण ब्रिटिश इंग्रजीत टिक आणि अमेरिकन इंग्रजीत चेक, सॉफ्टवेअर बहुतेक अमेरिकन म्हणून चेकबॉक्स. तिथे मी 'खूण करा' लिहितो आणि ते चालतं. मेल चेक करमधला चेक मात्र निघेल असं वाटत नाही आणि तो काढायचा हट्टही नको, तो शेवटी आपल्या शहाचाच भाऊ आहे.

शंकासुर:
मग एक अवघड देतो. मी भाषांतराचं काम करतो आणि अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेवर लिहिताना 'चेक्स अँड बॅलन्सेस' येतं. अध्यक्ष विधेयकावर नकाराधिकार वापरतो, काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतांनी तो नकार मोडून काढते, न्यायालय कायदाच घटनाबाह्य ठरवू शकतं. पुस्तकी मराठीत याला 'नियंत्रण आणि संतुलन' म्हणतात. मला ते लिहिताना कायम खटकतं.

अक्षरवेडी:
खटकणारच, कारण नियंत्रण वरून खाली असतं, वरिष्ठाचं कनिष्ठावर. इथे तिघांपैकी कुणीच वरिष्ठ नाही. हा शब्द पटावरचा आहे, आणि पटावर दोन्ही राजांना शह बसू शकतो.

शंकासुर:
पण 'शह-काटशह' लिहिलं तर मराठी वाचक लगेच डावपेच आणि कुरघोडी समजतो. घटनाकारांनी विचारपूर्वक केलेली रचना त्याला राजकारण्यांची भांडणं वाटेल.

कोशकिडा:
मग 'वचक' घ्या. वचक दोन्हीकडून असू शकतो, प्रत्यक्ष अडवलं नाही तरी असतो, आणि नकाराधिकार वापरला न गेला तरी नुसत्या त्याच्या असण्याने विधेयक आधीच बदलतं ही गोष्ट त्यात बरोबर येते. 'परस्परांवर वचक आणि सत्तेचा तोल'. लांब झालं, पण पहिल्या वेळी पूर्ण लिहून पुढे 'वचक आणि तोल' एवढं पुरेल.

शंकासुर:
'वचक आणि तोल' घेतो. उद्या प्रकरण पाठवायचंय, त्यात हेच जाईल.